साहेबांचा पगार कशावरून ठरतो?

एखाद्या कंपनीचे पाच-पन्नास शेअर नावावर असले, की दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास तिचा वार्षिक अहवाल ईमेलने येतो. तीनशे-चारशे पानांचं ते बाड फारसं कोणी उघडत नाही. मी उघडतो, आणि आधी एकच तक्ता शोधतो. संचालकांच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टांमध्ये तो कुठेतरी दडलेला असतो. कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला एक आकडा छापावाच लागतो. संचालकाला वर्षभरात मिळालेली रक्कम कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, तो हा आकडा.

मधला कर्मचारी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. समजा कंपनीत १०१ माणसं आहेत. सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर ५१ वा माणूस हा मधला. इथे सरासरी काढत नाहीत, कारण एकट्या साहेबांच्या कोट्यवधींनी सरासरी वर ओढली जाते आणि शिपायापासून इंजिनिअरपर्यंत सगळेच कागदावर सुखवस्तू दिसायला लागतात. मधल्या माणसाच्या आकड्यावर वरच्या टोकाचा असा परिणाम होत नाही.

२०२३-२४ या वर्षात टीसीएसच्या मुख्याधिकाऱ्यांना सुमारे २५ कोटी रुपये मिळाले. मधल्या कर्मचाऱ्याच्या तुलनेत ते साधारण ३४६ पट होते. त्याच वर्षी एचसीएलटेकच्या प्रमुखांना ८४ कोटींहून थोडे अधिक मिळाले, म्हणजे सुमारे ७०७ पट. वेगळ्या शब्दांत सांगायचं, तर देवगिरीच्या यादवांचं राज्य संपलं त्या सुमारास मधला कर्मचारी कामाला लागला असता आणि आजवर एकही दिवस बिनपगारी न होता राबला असता, तर त्याची एकूण कमाई साहेबांच्या त्या एका वर्षाएवढी झाली असती.

हे वाचून माणूस पटकन दोनपैकी एका बाजूला जातो. कोणी म्हणतं ही लूट आहे, कोणी म्हणतं लायकी आहे म्हणून मिळतो. मला वाटतं, घोटाळा प्रश्नातच आहे. ‘साहेब हा पगार खरंच कमावतात का?’ असं आपण विचारतो, तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीत बांधलेले असतात. या माणसाच्या असण्या-नसण्याने कंपनीला फरक पडतो का, हा पहिला. त्याला मिळणारी रक्कम त्या फरकावरून ठरते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो आहे. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं नाही, असं माझं मत आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल मला शंका नाही, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब लिहायचो. मोटारीचे सुटे भाग करणारा, साठ-सत्तर माणसांचा कारखाना. एका वर्षी रिजेक्शन एकदम वाढलं. ग्राहक कंपनीकडून माल परत यायला लागला. मालकांनी मशिनला दोष दिला, सुपरवायझरने पोरांना दिला. नवे वर्क्स मॅनेजर आले, त्यांनी पहिले आठ-दहा दिवस कोणाला काही विचारलं नाही. संध्याकाळी सातला यायचे आणि सीएनसी मशिनच्या शेजारी नुसते उभे राहायचे. त्यांच्या लक्षात आलं की बिघडलेला जवळजवळ सगळा माल सेकंड शिफ्टचा आहे. स्टोअर सहाला बंद व्हायचं आणि किल्ली स्टोअरकीपरबरोबर घरी जायची. इन्सर्ट, म्हणजे मशिनमधलं धातू कापणारं छोटं पातं, झिजला तरी दुसरा मिळायची सोय नव्हती, म्हणून पोरं त्याच झिजलेल्या इन्सर्टवर रात्र काढायची आणि माप सुटायचं. तोवर हे कोणी बोललं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी एक दुसरी किल्ली करून घेतली आणि वीस इन्सर्टचा डबा शिफ्ट सुपरवायझरच्या कपाटात ठेवला. महिनाअखेरीस रिजेक्शनचा आकडा माझ्याच वहीत उतरला. लिहिताना मी तो दोनदा तपासला होता.

त्या माणसाचा पगार ऑपरेटरच्या पाच-सहा पट असेल. तो त्याने कमावला का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, पहिल्याच महिन्यात. चांगला व्यवस्थापक काय करतो, हे मी त्या किल्लीवरून शिकलो.

पण ही झाली एका कारखान्याची गोष्ट. सर्वसाधारणपणे असा फरक पडतो का, हे तपासायचं तरी कसं? चांगल्या कंपनीला चांगला साहेब मिळतो की चांगल्या साहेबामुळे कंपनी चांगली होते, हे वरवर पाहून कळत नाही. डेन्मार्कच्या आकडेवारीवर काही अर्थशास्त्रज्ञांनी यावर एक नामी वाट काढली. तिथल्या सरकारी नोंदी इतक्या बारकाईने ठेवलेल्या असतात की कोणता कंपनीप्रमुख किती दिवस इस्पितळात होता, हे कंपनीच्या हिशेबाशी जुळवून बघता येतं. आजारपण काही कंपनीची स्थिती बघून येत नाही, त्यामुळे साहेब नसताना कंपनीचं काय होतं, हे त्यातून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. हजारो कंपन्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये छापलेल्या या संशोधनात असं दिसलं की प्रमुख बरेच दिवस अंथरुणाला खिळला तर नफा खरोखर घटतो. इतर वरिष्ठ अधिकारी आजारी पडल्यावर तेवढा फरक दिसत नाही. म्हणजे वरच्या खुर्चीतल्या माणसाचं काम खरं आहे.

आता दुसरा प्रश्न. त्याच्या पगाराचा आकडा येतो कुठून?

मोठ्या कंपनीत तो एक समिती ठरवते. नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी असं तिचं नाव, आणि तीत बहुतांशी स्वतंत्र संचालक असतात. ही मंडळी बहुधा स्वतःही कधीतरी कुठल्या तरी कंपनीच्या वरच्या पदावर काम केलेली असतात. बहुतेक वेळा समितीपुढे सल्लागार संस्थेचा अहवाल येतो. त्यात ‘आपल्यासारख्या’ दहा-पंधरा कंपन्यांची यादी असते आणि त्यांच्या प्रमुखांना काय मिळतं ते लिहिलेलं असतं. मग समिती विचार करते. आपला माणूस काही मधल्या दर्जाचा नाही, तेव्हा त्याला यादीतल्या मधल्या आकड्यापेक्षा थोडं जास्त द्यायला हवं. प्रत्येक संचालक मंडळाला आपला माणूस सरस वाटतो, आणि वाटणारच. नाहीतर त्याला नेमलं कशाला? पण यादीतल्या सगळ्याच कंपन्यांनी असंच केलं तर पुढच्या वर्षी मधला आकडाच वर सरकतो. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. यात कोणी कोणाला फसवत नाही. प्रत्येक समितीचा निर्णय सुटा बघितला तर समंजस वाटतो. सगळे मिळून एक शिडी तयार होते, आणि तिला उतरायची पायरी नसते.

टीसीएस आणि एचसीएलटेकचंच पुन्हा पाहू. त्या वर्षी टीसीएसची उलाढाल एचसीएलटेकच्या दुपटीहून जास्त होती आणि नफा जवळजवळ तिप्पट. तरी पगाराचं गणित उलटं. कामावरून हा फरक लागत नाही, यादीवरून लागतो. एचसीएलटेकचे प्रमुख अमेरिकेत राहतात, त्यांचा पगार तिथल्या उपकंपनीकडून होतो आणि त्यात दीर्घ मुदतीच्या बक्षिसाचा मोठा वाटा आहे. त्यांची तुलना अमेरिकेतल्या प्रमुखांशी होते. मुंबईत बसणाऱ्या माणसाची तुलना वेगळ्या यादीशी. आणि हिंजवडीच्या फ्रेशरची तुलना त्याच्यासारख्याच लाखो फ्रेशरशी, म्हणून त्याचं पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून राहिलं. तुमच्या शेजारी कोणाचं नाव लिहिलं जातं, यावर तुमचा पगार किती अवलंबून असतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसायचं?

मोठ्या पगाराची जी सर्वांत भक्कम बाजू आहे, तीही इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गाबे आणि लँडिए या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ती २००८ मध्ये मांडली. अमेरिकेत १९८० ते २००३ या काळात कंपनीप्रमुखांचे पगार सुमारे सहापट झाले. त्याच काळात मोठ्या कंपन्यांचं बाजारमूल्यही सुमारे सहापट झालं. त्यांचं म्हणणं असं, की निर्णय जेवढ्या मोठ्या कंपनीवर लागू होतो तेवढी त्याची किंमत वाढते. अंगच्या गुणांत अगदी थोडाच फरक असला तरी. त्यांच्या हिशेबाने २५० व्या क्रमांकाचा प्रमुख काढून त्याच्या जागी पहिल्या क्रमांकाचा बसवला तर कंपनीचं मूल्य फक्त ०.०१६ टक्के वाढेल. ऐकायला हे अगदीच चिल्लर वाटतं. पण पाच लाख कोटी रुपये मूल्य असलेल्या कंपनीला हा टक्का लावून पाहा: ८० कोटी. म्हणजे ८० कोटी ज्यादा देऊनही कंपनी तोट्यात नाही.

हे गणित मला चुकीचं वाटत नाही. पण त्याच्या दोन बाजू लंगड्या आहेत. एक तर ०.०१६ टक्क्यांचा फरक माणूस निवडताना कोणाला दिसणार? शेअरचा भाव सकाळच्या चहाच्या आत याच्या कितीतरी पट हलतो. मुलाखतीच्या टेबलावर पहिला कोण आणि अडीचशेवा कोण हे ओळखणारं यंत्र कोणाकडेच नाही. दुसरं म्हणजे कंपन्या त्याआधीही मोठ्या होत होत्या. फ्रिडमन आणि सॅक्स या संशोधिकांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी कंपन्या झपाट्याने वाढल्या, पण प्रमुखांचे पगार फारसे हलले नाहीत. आकाराचा नियम निसर्गाचा असता तर तेव्हाही लागू पडला असता. तिथल्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या हिशेबाप्रमाणे १९६५ मध्ये मोठ्या कंपनीचा प्रमुख साध्या कामगाराच्या सुमारे २० पट मिळवत होता. २०२३ मध्ये २९० पट.

मधल्या काळात काय बदललं? बरंच काही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९३ मध्ये अमेरिकेने कायदा केला की प्रमुखाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त पगार दिला तर वरची रक्कम करासाठी खर्च म्हणून दाखवता येणार नाही. अपवाद एकच ठेवला, पगार कामगिरीशी जोडलेला असेल तर चालेल. झालं असं की १० लाखांच्या खाली असलेल्या कित्येक कंपन्या १० लाखांपर्यंत वर आल्या, आणि त्यापुढचं सगळं शेअरच्या ऑप्शनमधून द्यायला लागल्या. लगाम म्हणून आणलेला नियम पायरी म्हणून वापरला गेला.

ऑप्शन म्हणजे आजच्या भावाने शेअर पुढे कधीतरी विकत घ्यायचा हक्क. आज शेअर २०० रुपयांना आहे, तीन वर्षांनी ३०० झाला, तर प्रत्येक शेअरमागे १०० रुपये साहेबांचे. घसरून १५० झाला, तर साहेब तो हक्क वापरत नाहीत. खिशातून काही जात नाही. शेअर चढला की साहेबांचं काम चांगलं झालं, असं यात गृहीत धरलेलं असतं. पण शेअर चढायला साहेबच लागतात असं नाही.

हे लासलगावच्या कांद्यावरून चटकन कळेल. दुसऱ्या राज्यात पीक बुडालं आणि इथे भाव दुप्पट झाला, तर ज्याच्या चाळीत कांदा होता त्याला पैसे मिळाले. त्याने त्या वर्षी दुप्पट चांगली शेती केली, असं गावात कोणी म्हणत नाही. कंपन्यांच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या तेल कंपन्यांचे पगार तपासले. खनिज तेलाचा जागतिक भाव काही कुठला एक साहेब ठरवत नाही. तरीही भाव चढला की साहेबांचा पगार चढत होता, जणू तो भाव त्यांनीच चढवला. आणि ज्या कंपन्यांच्या मंडळावर लक्ष ठेवणारा मोठा भागधारक बसलेला होता, तिथे नशिबाचे पैसे कमी वाटले गेले. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत कामाची ओळ आहे. पगार आणि काम यांचं नातं आपोआप जुळत नाही. कोणीतरी विचारणारं लागतं, माझ्या त्या वर्क्स मॅनेजरसारखं.

आपल्याकडे तर याची तुलना करायला मुंबईतच दोन दारं आहेत. नरिमन पॉइंटला स्टेट बँकेचं मुख्यालय, लोअर परळला एचडीएफसी बँकेचं. २०२२-२३ मध्ये स्टेट बँकेचा नफा ५० हजार कोटींच्या वर गेला आणि तिच्या अध्यक्षांना वर्षाला ३७ लाख रुपये मिळाले. एचडीएफसी बँकेचा नफा ४४ हजार कोटींच्या आसपास, आणि प्रमुखांना साडेदहा कोटी. साधारण २८ पट फरक. धंदा तोच, शहर तेच, रिझर्व्ह बँकेचे नियमही बऱ्याच अंशी तेच.

यावर दोन्हीकडून बोलता येतं. स्टेट बँकेच्या अध्यक्षांना बंगला, गाडी, निवृत्तीनंतरची प्रतिष्ठा मिळते, ते पगारात मोजलेलं नसतं. शिवाय ती बँक बुडू दिली जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. थकीत कर्जांच्या काळात, २०१७-१८ मध्ये, हीच बँक साडेसहा हजार कोटींच्या तोट्यात होती. रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१६ मध्ये म्हणाले होते की सरकारी बँका खालच्या पदांना बाजारापेक्षा जास्त आणि वरच्या पदांना कमी पगार देतात, त्यामुळे बाहेरून चांगली माणसं वर आणणं अवघड जातं. ते म्हणणं मला पटतं. पण मग उलटही मान्य करावं लागतं. १९८४ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागलेला माणूस ३७ लाखांत देशातली सर्वांत मोठी बँक नफ्यात चालवू शकतो. तेव्हा साडेदहा कोटी दिल्याशिवाय हे काम होतच नाही, असं म्हणता येत नाही. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटर, नव्वदेक बोगदे, पावसाळ्यात सुटणारे डोंगर, हे सगळं ई. श्रीधरन यांनी सरकारी वेतनात उभं करून दाखवलं. सगळेच श्रीधरन नसतात, हे खरं. पण पैसा हे एकमेव इंधन असतं तर एकही श्रीधरन झाला नसता.

मालकच साहेब असेल तर गोष्ट आणखी वेगळी. मुकेश अंबानींनी २००८-०९ पासून आपला पगार १५ कोटींवर थांबवला आणि २०२०-२१ पासून तो घेतलेलाच नाही. त्यांची कमाई लाभांशातून आणि शेअरच्या मूल्यातून होते. अशा ठिकाणी पगाराचा आकडा पाहून काहीच कळत नाही.

मग विचारणारं कोण? कायद्यात काही जागा आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १९७ प्रमाणे सगळ्या संचालकांचं मिळून मानधन निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांच्या आत आणि एका व्यवस्थापकीय संचालकाचं ५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. त्या ५ टक्क्यांपलीकडे जायचं तर भागधारकांचा विशेष ठराव हवा, म्हणजे चारात तीन मतं बाजूने. प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या, कुटुंबातला कार्यकारी संचालक पाच कोटी किंवा नफ्याचे अडीच टक्के यांतलं जे जास्त असेल त्याच्या वर घेत असेल, तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणेही विशेष ठराव लागतो. खासगी बँकांच्या प्रमुखांचा पगार रिझर्व्ह बँक मंजूर करते, आणि त्यातला निदान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून असावा असा तिचा नियम आहे.

हे नुसतं कागदावर राहतं असंही नाही. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या तीन अधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठराव भागधारकांनी नामंजूर केले. कंपनी भारतातल्या कारभारात तोट्यात होती. ऑगस्ट २०२१ मध्ये रॉयल एनफिल्ड बनवणाऱ्या आयशर मोटर्समध्ये तर प्रवर्तकांकडे जवळपास निम्मे शेअर असूनही सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा ठराव पडला. ७५ टक्के मतं हवी होती, ७३ मिळाली. लोकांना माणूस नको होता असं नाही, वाढीव पगार नको होता. आठवड्याभरात मंडळाने मानधनाची कमाल मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली आणि त्यांना पुन्हा नेमलं. ते राहिलेही. दोन टक्के मतांनी एवढं झालं.

तुमच्याकडे दहा शेअर असले तरी या ठरावावर मोबाइलवरून मत देता येतं. म्युच्युअल फंडात पैसे असतील तर फंड कंपनी तुमच्या वतीने मत देते, आणि कोणत्या ठरावावर काय मत दिलं ते तिला आपल्या वेबसाइटवर टाकावं लागतं.

शेवटी त्या तक्त्याकडे परत येतो, कारण त्यात एक मोठी फट आहे. मधला कर्मचारी काढताना मोजतात ती कंपनीच्या हजेरीपटावरची माणसं. चाकणला किंवा रांजणगावला शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून पाहा. निळ्या शर्टांच्या गर्दीत कितीतरी जणांच्या गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं नाव असतं. त्याच लाइनवर, त्याच मशिनवर काम, पण पट ठेकेदाराचा. कमी पगाराची ही सगळी माणसं रांगेतून बाहेर राहिली की रांगेतला मधला माणूस आपोआप वर सरकतो आणि साहेबांचा ‘किती पट’ हा आकडा लहान दिसतो. पटावरच्या कामगारांना काढून तीच कामं ठेक्यावर दिली तर आकडा आणखी सुधारतो, कोणाचाही पगार एक रुपयाने न बदलता.

ही माणसं किती आहेत, तेही त्याच अहवालात सापडतं. पुढे ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता’ नावाचा एक विभाग असतो. बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. त्याच्या सुरुवातीलाच कामगारांचे दोन रकाने असतात: कायम, आणि कायम नसलेले. मी दोन्ही पानांची प्रिंट काढून शेजारी-शेजारी ठेवतो, आणि दुसऱ्या रकान्यातला आकडा पेन्सिलीने पहिल्या तक्त्याच्या समासात लिहून ठेवतो.